मेडिकल एकदम चांगलं, पण काउंटरवर कोण उभं आहे त्यावर सगळं (५ पैकी अडीच स्टार)

दुकानाचं नाव टाकत नाहीये. मॅनेजरने नंतर जे केलं ते बघता बदनामी करायची इच्छा नाही, आणि हे काही त्या एकाच दुकानात होतं असंही नाही, त्यामुळे हा रिव्ह्यू दुकानाचा कमी आणि 'मला पटत नाही म्हणून मी देत नाही' या नवीन सर्व्हिसचा जास्त आहे असं समजा.

आधी चांगलं सांगते कारण चांगलं खरंच भरपूर आहे. लिहून दिलेलं औषध नसेल तर दुसऱ्या कंपनीचं गुपचूप खपवत नाहीत, विचारून देतात. स्ट्रिप कापताना एक्स्पायरी छापलेला तुकडा आपल्याकडे येईल अशी कापतात, किती दुकानं एवढं करतात सांगा. सासऱ्यांच्या इन्सुलिनबरोबर न मागता बर्फाची पिशवी येते. पाकिटावर स्केचपेनने सकाळ-दुपार-रात्र लिहून देतात आणि ते अक्षर चक्क वाचता येतं! उरलेल्या अख्ख्या स्ट्रिपा परत घेताना तोंड वाकडं करत नाहीत, बिल मागावं लागत नाही, घरपोच पण वेळेवर. याचे पूर्ण पाच स्टार दिले असते आणि हा रिव्ह्यू लिहिलाच नसता, कारण सगळं नीट चालू असताना कोण रिव्ह्यू लिहायला बसतं.

तर झालं असं की मी इमर्जन्सी पिल, म्हणजे संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी, घ्यायला गेले. कोणासाठी ते सांगायची गरज नाही, त्यानेही विचारलं नाही. संध्याकाळची गर्दी, माझ्या मागे चार-पाच जण. मोठ्याने नको म्हणून नाव मोबाईलवर टाईप करून स्क्रीन त्याच्यापुढे धरली. नवीन मुलगा होता, असेल पंचवीस-सव्वीसचा. त्याने वाचलं आणि कॉम्प्युटरकडे न बघताच मान हलवली.

"हे मी देत नाही मॅडम."

"संपलंय का?"

"स्टॉक आहे. पण मी देत नाही. आमच्यात पाप मानतात हे."

"बरं, तुम्ही नका देऊ. दुसऱ्या कोणाला तरी सांगा ना द्यायला."

"ताई आत माल लावतायत. येतील."

"कधी?"

"येतील ना." आणि माझ्या खांद्यावरून मागे बघून, "हां काका, बोला."

मी बाजूला सरकले. काकांची बीपीची गोळी झाली, मग कोणाचं तरी खोकल्याचं औषध, मग डायपर, आणि मी आपली फ्रीजला टेकून उभी, आणि आता मागच्या सगळ्यांना माहीत की या बाईने असं काहीतरी मागितलंय जे हा मुलगा देत नाही. मोबाईलवर टाईप करून दाखवण्याचा काय उपयोग झाला मग? बऱ्याच वेळाने आतून ती ताई आली, मी परत स्क्रीन दाखवली, तिने ड्रॉवर ओढला, खाकी पाकिटात टाकली, बिल काढलं. दहा सेकंदांचं काम. वर हळूच म्हणाली, उलटी झाली दोन-तीन तासांच्या आत तर परत विचारायला या हं. त्या ताईला माझ्याकडून वेगळे पाच स्टार, तिने जे केलं त्यालाच मेडिकल म्हणतात.

तो मुलगा कुठल्या धर्माचा ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक मुद्दा सोडून तेच धरून बसतील, आणि खरं सांगायचं तर सगळ्याच धर्मांत असे लोक सापडतात, जगभरच्या केसेस वाचल्या की कळतं.

एक श्रेय त्याला देते. तो खोटं बोलला नाही. "संपलंय" म्हणून सांगितलं असतं तर मी निमूट दुसऱ्या दुकानात गेले असते, तिकडेही कोणीतरी संपलंय म्हटलं असतं, आणि मला शेवटपर्यंत कळलं नसतं की औषध होतं, फक्त मला द्यायचं नव्हतं. माझ्या मते 'संपलंय'वाला नकार सगळ्यात वाईट, कारण त्याची तक्रारही करता येत नाही. या मुलाने तोंडावर सांगितलं, उपदेश केला नाही, लग्न झालंय का वगैरे चौकशी केली नाही. इथपर्यंत ठीक. माझा खरा राग त्या "हां काका, बोला"चा आहे. म्हणजे नाही म्हटलं की त्याच्या बाजूने विषय संपला, पुढचं गिऱ्हाईक. अरे बाबा, तुझं मन तुला खातंय ना, मग आत जाऊन ताईला हाक मारायला तरी दोन पावलं चाल. हाक मारणं पण पाप आहे का? (आहे, असं मानणारे पण असतात म्हणे, त्याच्यावर पुढे येते.)

आता कोणी म्हणेल एवढं काय, अर्ध्या तासाने मिळालीच ना. म्हणून सांगते. या गोळीत जे लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं ते संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं, कारण ती गोळी स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते, ते एकदा बाहेर पडलं की मग तिचा फारसा उपयोग नाही. गर्भ आधीच राहिला असेल तर ही गोळी त्याला काही करत नाही, जागतिक आरोग्य संघटना पण हेच सांगते, आणि गर्भपाताच्या गोळ्या पूर्ण वेगळ्या असतात. म्हणजे मला वाटतं त्या मुलाचा पापाचा हिशोबच मुळात दोन औषधांच्या गोंधळावर उभा होता. पण मी तिथे वाद घातला नाही. औषध घ्यायला आलेल्या माणसाला आधी वादविवाद स्पर्धा जिंकावी लागणार असेल तर ज्यांना बोलता येत नाही, ज्या घाबरलेल्या असतात, एकोणीस-वीस वर्षांच्या असतात, त्यांनी काय करायचं? त्या "देत नाही" ऐकूनच परत फिरतात, अर्धा तास फ्रीजला टेकून उभ्या राहत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरशी बोलले. पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे, "त्याचा पर्सनल प्रश्न आहे मॅडम, आम्ही कोणावर जबरदस्ती नाही करू शकत." म्हटलं नका करू जबरदस्ती, मी कुठे म्हणतेय त्याचे हात धरून गोळी द्यायला लावा. पण त्याचा पर्सनल प्रश्न माझ्या रांगेत कसा आला? ड्युटी कोण लावतं, तो की तुम्ही? यावर ते जरा गप्प झाले.

आणि माझं म्हणणं एवढंच आहे सगळ्या रिव्ह्यूत. श्रद्धा नोकराची, पण सोय दुकानाची. त्याला काय पटतं ते त्याने कामावर लागतानाच सांगावं, दुकानाने त्याप्रमाणे माणसं लावावीत, आणि गिऱ्हाइकाला यातलं काही कळूच नये.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ब्रिटनमध्ये २०१३ च्या डिसेंबरमध्ये मार्क्स अँड स्पेन्सर या मोठ्या दुकान-साखळीचं प्रकरण गाजलं होतं. लंडनच्या एका दुकानात शॅम्पेनची बाटली घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मुस्लिम कर्मचाऱ्याने दुसरा माणूस मोकळा होईपर्यंत थांबायला सांगितलं. कंपनी आधी म्हणाली की धार्मिक कारणाने कर्मचारी असं नम्रपणे नाकारू शकतात, मग जी काही बोंबाबोंब झाली त्यानंतर माफी मागून म्हणाली की आमचा नियम खरं म्हणजे अशा कर्मचाऱ्याला कपड्यांच्या विभागात किंवा बेकरीत काम देण्याचा आहे आणि या वेळी आम्हीच तो पाळला नाही. बघा, म्हणजे नियम होता! फक्त बिलिंगला कोणाला बसवायचं हे ठरवणाऱ्याने तो वाचला नव्हता. अमेरिकेत मिनियापोलिसला टार्गेट नावाच्या दुकान-साखळीच्या काही मुस्लिम कॅशियरनी २००७ मध्ये डुकराच्या मांसाची पाकिटं स्कॅन करायला नकार दिला, तर कंपनीने त्यांना दुसरी कामं दिली. कोणाच्या श्रद्धेला धक्का नाही, कोणाची रांग अडली नाही, विषय संपला.

त्याच शहराच्या विमानतळावर मात्र दारूची बाटली घेऊन आलेल्या प्रवाशांना बरेच टॅक्सीवाले धर्मात बसत नाही म्हणून नेत नव्हते. आधी अशा टॅक्सींच्या टपावर वेगळ्या रंगाचा दिवा लावायची आयडिया निघाली, म्हणजे लांबूनच कळेल कोण नेणार कोण नाही. लोकांनी ती उडवून लावली. शेवटी २००७ मध्ये विमानतळाने नियमच केला की पहिल्यांदा नाकारलं तर ३० दिवस परवाना बंद, दुसऱ्यांदा नाकारलं तर दोन वर्षं. टॅक्सीत दुसरा कॅशियर नसतो ना, ड्रायव्हर एकच. जिथे माणूस एकच तिथे सोय करायला जागाच उरत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, आमच्या मेडिकलच्या रात्रपाळीला लागू होतो.

औषधांच्या बाबतीत मला सगळ्यात पटलेला नियम अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा. २००७ पासून तिथे असं आहे की एखाद्या फार्मासिस्टला पटत नसेल तर त्याने स्वतः नाही दिलं तरी चालेल, पण दुकानात दुसऱ्या कोणीतरी द्यायचं, आणि दुकानाला नाही म्हणता येणार नाही. गिऱ्हाइकाला दुसरीकडे पाठवूनही चालणार नाही. एका मालकाने याविरुद्ध कोर्टात धाव घेतली, म्हणाला आम्ही दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो ना, २०१५ मध्ये अपील कोर्टाने नियम योग्य ठरवला आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची केस ऐकायलाच घेतली नाही. फ्रान्स तर अजून कडक. बोर्दोजवळच्या एका गावात १९९५ मध्ये फार्मसीच्या दोघा मालकांनी तीन बायकांना गर्भनिरोधक गोळ्या नाकारल्या, दंड झाला, ते थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. २००१ मध्ये कोर्टाने सांगितलं की विक्री कायदेशीर आहे, डॉक्टरची चिठ्ठी आहे, आणि फार्मसीशिवाय ही गोळी कुठे मिळतच नाही, तर तुमची श्रद्धा तुम्ही दुसऱ्यावर लादू शकत नाही, ती दुकानाबाहेर हवी तेवढी पाळा.

उलटं टोक म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा एक फार्मासिस्ट. २००२ मध्ये त्याने गर्भनिरोधक गोळ्या तर दिल्या नाहीतच, त्या बाईचं प्रिस्क्रिप्शन दुसऱ्या दुकानाला ट्रान्सफर करायलाही नकार दिला. का तर ट्रान्सफर केलं तरी पापात वाटा आलाच! वर म्हटलं ना, हाक मारणं पण पाप मानणारे असतात, ते हे. त्याच्यावर तिथल्या फार्मसी बोर्डाने कारवाई केली. आणि २०१८ मध्ये तिथल्याच ॲरिझोना राज्यात वॉलग्रीन्स या मेडिकल-साखळीच्या फार्मासिस्टने एका बाईला मिसोप्रोस्टॉल, म्हणजे गर्भपातासाठीही वापरतात ते औषध, दिलं नाही, जिच्या पोटातल्या गर्भाची वाढ आधीच थांबली होती, डॉक्टरने म्हणूनच लिहून दिलं होतं. सोबत सात वर्षांचा मुलगा, मागे गिऱ्हाइकं, आणि तिला तिथे सगळ्यांसमोर सांगावं लागलं की काय झालंय. कंपनीचा नियम काय होता माहितीये? पटत नसेल तर बाजूला व्हा, पण दुसऱ्या फार्मासिस्टला किंवा मॅनेजरला बोलवा. नियम परत छान. कागदावर सगळ्यांचेच नियम छान असतात.

आता दुसरी बाजू, कारण मला एकतर्फी लिहायचं नाही. नोकरी करणाऱ्याला मन असतं हे मला मान्य आहे. अमेरिकेत एका पोस्टमनला रविवारी काम करायचं नव्हतं, त्याच्या धर्मात रविवार देवाचा. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की अशी सोय नाकारायची असेल तर मालकाला आपल्या धंद्याच्या मानाने खरंच मोठा खर्च पडतो हे दाखवावं लागेल, किरकोळ गैरसोय झाली म्हणून नाही म्हणता येणार नाही. मला हे बरोबर वाटतं. सोय करा त्याची. पण सोय म्हणजे शिफ्ट बदलणं, काउंटर बदलणं. सोय म्हणजे गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणं नाही.

आणि वस्तू नाकारणं आणि माणूस नाकारणं यात फरक आहे, तोही बघायला पाहिजे. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या एका बेकरीचं बघा, तिचे मालक धार्मिक, २०१४ मध्ये केकवर समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या असं लिहून हवं होतं, त्यांनी नाकारलं. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने बेकरीच्या बाजूने निकाल दिला, कारण आक्षेप त्या वाक्याला होता, गिऱ्हाइकाला नव्हता, तेच वाक्य कोणीही मागितलं असतं तरी त्यांनी लिहिलं नसतं. पटो न पटो, लॉजिक कळतं. पण इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या एका हॉटेलवाल्या जोडप्याने २००८ मध्ये दोन पुरुषांना बुक केलेली डबल रूम नाकारली तेव्हा त्याच कोर्टाने २०१३ मध्ये हॉटेलवाल्यांना दोषी ठरवलं, कारण रूम तीच, पलंग तोच, फक्त माणसं चालत नव्हती. समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक करायला नाही म्हणणाऱ्या कोलोरॅडोच्या केकवाल्याला २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असं जिंकवलं खरं, पण ते राज्याच्या आयोगाने त्याच्या धर्माबद्दल आकसाने बोलून केस चालवली म्हणून, केकवाल्यांनी कोणालाही हाकलावं असं त्यात कुठे म्हटलेलं नाही, लोक उगाच तसं सांगत फिरतात.

'माझी श्रद्धा' म्हणून माणूस नाकारणं हे काही आजचं नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात एक बार्बेक्यूवाला (भाजलेल्या मांसाचं हॉटेल चालवणारा) होता, त्याच्या दुकानात काळ्या लोकांना बसून खायला देत नव्हता, आणि कोर्टात सांगत होता की गोऱ्या-काळ्यांनी एकत्र येणं देवाला मंजूर नाही. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचा हा मुद्दा पोरकट म्हणून बाजूला ठेवला. त्याचीही श्रद्धा मनापासूनच असेल हो. म्हणून मला 'पण तो मनापासून मानतो' या युक्तिवादाचं फार काही वाटत नाही.

ज्यांना वाटतं हे फक्त धार्मिक लोक करतात त्यांच्यासाठी, व्हर्जिनियात २०१८ मध्ये एका रेस्टॉरंटच्या मालकिणीने ट्रम्पच्या प्रेस सेक्रेटरीला जेवता जेवता उठून जायला सांगितलं होतं, स्टाफला विचारून. माझ्या अर्ध्या मैत्रिणी तेव्हा टाळ्या वाजवत होत्या. मला तेव्हाही कसंतरीच वाटलं होतं.

उलट एखादी गोष्ट विकायचीच नाही असं अख्ख्या दुकानाने ठरवलं तर माझी काही तक्रार नाही. अमेरिकेतल्या सीव्हीएस या मेडिकल-साखळीने २०१४ मध्ये आपल्या सगळ्या फार्मस्यांतून सिगारेट-तंबाखू बंद करून टाकले. कोणालाच नाही, आधी जाहीर करून, आणि सिगारेट नाही मिळाली म्हणून कोणाचे ७२ तास संपत नाहीत. हे चालतं. काउंटरवर जाईपर्यंत कळतच नाही की आज मिळेल का नाही, हे नाही चालत.

बरं, आता मॅनेजरनी काय केलं ते. त्यांनी फोन केला, आणि साधी माफी न मागता काय बदललं ते सांगितलं, हे मला आवडलं. त्या मुलाला संध्याकाळी काउंटरवर एकट्याला ठेवत नाहीत, होम डिलिव्हरीचं पॅकिंग आणि बीपी-शुगरच्या महिन्याच्या ऑर्डरी त्याच्याकडे दिल्यात. आणि त्याला सांगितलंय की असं काही आलं तर गिऱ्हाइकाला काही बोलायचं नाही, आधी ताईला बोलवायचं आणि मगच पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं. नोकरीवरून काढलं नाही. मीही काढा म्हटलं नव्हतं, उलट काढलं असतं तर मला वाईट वाटलं असतं, पोरगा बाकी कामाला चोख आहे, सासऱ्यांच्या गोळ्यांत डोस बदललेला त्यानेच पकडला होता आणि डॉक्टरला फोन करून खात्री केली होती. नंतर एकदा दुकानात दिसला तर त्याने आधी नजर चुकवली, मग "मॅडम, आजोबांचं इन्सुलिन आलंय" म्हणाला. मी पण बरं म्हटलं. आमच्यात एवढंच बोलणं झालंय.

मग अडीचच का? रात्रपाळी. दुकान चोवीस तास उघडं म्हणून बोर्ड आहे आणि रात्री अकरानंतर आत एकच माणूस असतो. आठवड्यातून काही रात्री तो माणूस हाच असतो. मी विचारलं, तेव्हा काय करणार? आणि ही गोळी लोक दुपारी दोन वाजता निवांत घ्यायला येत नाहीत, मॅनेजरसाहेब, तुमचं रात्रीचं बिलिंग बघा. त्यावर "बघतो मॅडम, काहीतरी करू" एवढंच. ज्या रात्री दुसरं कोणी नाही त्या रात्री त्याला पाप लागू नये म्हणून गिऱ्हाइकाने सकाळपर्यंत थांबायचं, अशी ती व्यवस्था झाली. त्याची रात्रपाळी काढली, किंवा त्या रात्री जोडीला अजून एक जण ठेवला, की मी स्वतः येऊन साडेचार करीन, लगेच.

तोवर दिवसा बिनधास्त जा, औषधं खात्रीची, माणसं चांगली. रात्री जायचं असेल तर आधी फोन करा, आणि स्टॉक आहे का एवढंच विचारून थांबू नका, तुम्ही स्वतः देणार आहात ना, हेही विचारा.